कलमाच्या चाकूला मूठ बसवताना

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, गुलाबाचा डोळा भरताना (एका रोपाचा डोळा दुसऱ्याच्या सालीखाली बसवून कलम करताना) बाबांच्या जुन्या चाकूची मूठ त्यांच्या हातातच दुभंगली. तीसेक वर्षांपूर्वी घेतलेला तो घडीचा चाकू होता. धार लावून लावून पाते निम्मे झाले होते आणि प्लास्टिकची मूठ उन्हाने ठिसूळ झाली होती. मी त्यांना ८५० रुपयांचा नवा चाकू ऑनलाइन मागवून दिला. त्याची कमान (स्प्रिंग) इतकी ताठ होती की बाबांच्या आखडलेल्या बोटांना तो उघडता येईना. ‘छान आहे,’ असे म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवला. बाबांनी एखादी वस्तू छान म्हणून कपाटात ठेवली की ती पुन्हा बाहेर येत नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि तोपर्यंत भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे कोणतेही हत्यार हाती धरलेले नव्हते. तरीही बाबांसाठी चाकू स्वतःच करावा असे मनात आले, ते खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षे काढली आहेत आणि सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांचे एक टेबल, एक व्हाइस (काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) आणि एक जुने उभे ड्रिल मशीन आहे. त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि वाटणी केली. ‘पातं आणि कमान मी घासून देतो, मूठ तू करायची. आणि मूठ सोपी असते असं समजून येऊ नकोस,’ असे ते म्हणाले. मी तसेच समजून गेले होते. त्या गैरसमजाची किंमत साधारण आठ महिने आणि घरातल्या एका जुन्या फळीचा तुकडा एवढी पडली. मिटणाऱ्या चाकूची मूठ करण्याचे कोणाच्या मनात असेल तर त्याचे ते आठ महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ थोडी सैल झाली, फुगली किंवा तडकली तरी सुरी चालत राहते. घडीच्या चाकूत मात्र सगळी यंत्रणा मुठीतच असते. काकांनी ठरवलेला प्रकार सर्वांत जुना आणि साधा होता. पात्याच्या बुडाला एक पिन असते, पाते तिच्याभोवती फिरते, आणि मुठीच्या पाठीशी बसवलेली पोलादी कमान त्या बुडावर सतत दाब देऊन पाते उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. यात खटका नसतो, कुलूपही नसते. पाते आणि कमान यांच्या दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे येतात, ते अस्तर. अस्तराच्या बाहेरून हाताला लागणारे लाकूड, हाड, शिंग किंवा आणखी काही लावतात. काका त्याला ‘गाल’ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. पुढच्या टोकाला, पिनेभोवती, धातूचा जाड ठोकळा येतो, तो बोल्स्टर. हे सारे तीन पिनांनी एकत्र धरलेले असते: एक पात्याची, एक कमानीच्या मध्यावर आणि एक शेपटाकडे. ज्यांच्या घरी अडकित्ता आहे त्यांना पहिल्या पिनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ती घट्ट बसली की अडकित्ता हलत नाही आणि सैल पडली की सुपारी निसटते. चाकूत या दोन टोकांमधली जागा अडकित्त्यापेक्षाही कमी असते, कारण पाते दोन अस्तरांच्या मधोमध, कुठेही न घासता, मिटले पाहिजे.

काम सुरू करण्याआधी कायद्याची बाजू पाहून घेतली. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते असलेली हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आमचे पाते ६५ मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंचांच्या आसपास. घरी करण्यात आणि बागेत वापरण्यात अडचण नव्हती. मात्र शहरात सणावाराच्या किंवा मोर्चांच्या काळात पोलीस आयुक्तालयाकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात आणि त्यात सुरे बाळगण्यावर बंदी असते. खात्री करण्यासाठी मी चौकीत जाऊन विचारले. तेथील हवालदारांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पुठ्ठ्याच्या नमुन्याकडे पाहिले आणि ‘ताई, घरी वापरा, पर्समध्ये घेऊन हिंडू नका,’ एवढे सांगितले. अर्धवट काम नेण्या-आणण्याची वेळ आली तेव्हा मी पाते आणि मूठ वेगवेगळी, कागदात गुंडाळून, खोक्यात घालून आणि सोबत कामाची चिठ्ठी ठेवूनच नेली. अशी चिठ्ठी लिहिताना आपण उगीच घाबरतो आहोत असे वाटते, पण बसमध्ये बसल्यावर तिचा आधार वाटतो.

गालांसाठी काय वापरायचे हा शोध डिसेंबरभर चालला. ३ डिसेंबरच्या रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कानशी, जुने व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन), मोडक्या सुऱ्या यांसाठी सकाळी लवकर गेलेले बरे. तेथून १२० रुपयांना दोन उत्तम जुन्या कानशी मिळाल्या. मामांनी गावच्या घरातल्या भिंतीवरचे सांबरशिंग देऊ केले. ‘पूर्वी सगळ्या चांगल्या चाकूंना हीच मूठ असायची,’ हे त्यांचे म्हणणे खरे आहे, पण सांबराचे शिंग हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येते आणि मालकीच्या प्रमाणपत्रावाचून ते जवळ ठेवणेही कायद्यात बसत नाही, मग कापून त्याची मूठ करणे दूरच. मामांकडे असे प्रमाणपत्र नव्हते. त्यांना ओळखीच्या वकिलांचा नंबर दिला आणि शिंगाचा विचार सोडला. कोणी ‘गळून पडलेले आहे, मारलेले नाही’ असे सांगून शिंग विकू लागले तरी घेऊ नये. कायदा शिंग कसे मिळाले यावर सूट देत नाही.

शेवटी आमच्याच घरात उत्तर सापडले असे मला वाटले. आजीच्या वेळच्या शिसवी झोपाळ्याची एक फळी माळ्यावर पडून होती. किमान सत्तर वर्षांचे लाकूड, काळपट तांबूस, घट्ट रेषांचे. इतकी वर्षे मुरलेले लाकूड आता कशाला हलणार, असा माझा तर्क होता. काकांनी फळीवर बोट फिरवले आणि ‘बघ बुवा,’ एवढेच म्हटले. काकांच्या ‘बघ बुवा’चा अर्थ मला जुलैत कळला.

जानेवारीत आराखडा काढला. सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे. पात्याचा, कमानीचा आणि मुठीचा आकार फिल्मवर कापायचा, पिनेच्या जागी टाचणी टोचायची आणि पाते मिटवून पाहायचे. फिल्म अर्धपारदर्शक असल्याने मिटलेल्या पात्याचे टोक कमानीला लागते का, नखाची खाच बाहेर राहते का, बुडाचा खालचा कंगोरा कमानीवर टेकून धार अधांतरी राहते का, हे सगळे पत्रा कापण्यापूर्वीच दिसते. मी अकरा नमुने केले. बाबांचा हात मुठीवर कसा बसतो ते पाहण्यासाठी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या हातात दिल्या. डोळा भरताना अंगठा पात्याच्या पाठीवर येतो आणि मूठ तळव्यात आडवी राहते, त्यामुळे शेपटाकडे थोडा फुगवटा हवा, हे त्यातून कळले. मुठीची लांबी ९२ मिलिमीटर आणि रुंदी सर्वांत जास्त तिथे २२ मिलिमीटर ठरली.

पितळी पत्रा रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाला. तो वजनावर मिळतो आणि दुकानदार मोठे तुकडे तोडायला नाखूश असतात, म्हणून आधी ‘कटपीस आहे का’ असे विचारावे. एक मिलिमीटर जाडीचा तुकडा आणि बोल्स्टरसाठी तीन मिलिमीटरची पट्टी मिळून ३१० रुपये झाले. पिनांसाठी तीन मिलिमीटरची जर्मन सिल्व्हरची तार घेतली. या धातूत नावाप्रमाणे चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते.

पाते आणि कमान काकांनी ओएचएनएस (तेलात थंड करून कडक होणाऱ्या) पोलादातून कापून घासली आणि पाणी देण्यासाठी, म्हणजे कडक करून घेण्यासाठी, मी ती भोसरी एमआयडीसीत नेली. हे पोलाद साधारण ८०० अंशांना तापवून तेलात थंड करतात, मग पुन्हा कमी उष्णतेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. पात्यासाठी हा उतार २०० अंशांच्या आसपास पुरतो. कमानीसाठी बराच वर न्यावा लागतो, नाहीतर ती पहिल्याच दिवशी मोडते. म्हणून दोन्ही तुकड्यांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या करून त्यांवर हवी ती कठीणता स्पष्ट लिहावी. फाटकावर ओळखपत्राची नोंद, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मग डिलिव्हरी चलन (मालासोबत द्यायचा कागद) मागितले गेले. चलन म्हणजे काय ते मला नोकरीमुळे ठाऊक होते, पण मी नोंदणीकृत व्यावसायिक नसल्याने माझ्याकडे छापील चलन नव्हते. साध्या कागदावर वस्तूंचे वर्णन, नग, ‘विक्रीसाठी नाही, केवळ कामासाठी’ हे शब्द, तारीख आणि सही, एवढे लिहून दिले आणि ते चालले. किमान बिल ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. दोन नग असोत की दोनशे, किमान बिल तेवढेच, म्हणून शक्य असल्यास दोन-तीन जणांनी मिळून माल द्यावा. दहा दिवसांत मिळणार होते ते चोवीस दिवसांनी मिळाले. चार वेळा फोन केला आणि चारही वेळा ‘उद्याच्या भट्टीत आहे’ असे ऐकले.

मार्चमध्ये जोडणीचे काम सुरू झाले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. दोन्ही अस्तरांना भोके एकत्र धरूनच पाडायची असतात. वेगवेगळी पाडली तर पिन तिरपी बसते आणि पाते एका अंगाला कलते. भोक आधी २.९ मिलिमीटरचे पाडून मग ४५० रुपयांच्या तीन मिलिमीटर रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) पूर्ण करायचे. रीमर उलटा फिरवायचा नाही, हे काकांनी तीनदा बजावले आणि मी तो दुसऱ्याच भोकात उलटा फिरवला. त्यानंतर कमानीची पातळी. चाकू उघडा असताना, अर्धा मिटलेला असताना आणि पूर्ण मिटलेला असताना कमानीची पाठ अस्तराच्या काठाशी अगदी सपाट यायला हवी. त्यासाठी पात्याचे बूड थोडे थोडे घासत आणि प्रत्येक वेळी सगळे जोडून डायल गेजखाली (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाखाली) तपासत जावे लागते. घासलेले परत येत नाही. सहा संध्याकाळी मी फक्त एवढेच केले. सातव्या दिवशी तिन्ही ठिकाणी काटा मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आत राहिला आणि चाकू पहिल्यांदा ‘टक्’ असा वाजून मिटला. त्या आवाजासाठी मी काकांच्या टेबलाशी उभ्या उभ्या तो पन्नास वेळा तरी उघडला-मिटवला असेल.

शिसवी गाल आरल्डाइट या इपॉक्सी गोंदाने अस्तरांना चिकटवले. पितळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावे, ॲसिटोनने पुसावे आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये. क्लॅम्प फार आवळू नये, नाहीतर सगळा गोंद बाहेर निघून जोड कोरडा राहतो. लगेच सुकणारा नव्हे, चोवीस तासांचा साधा प्रकार घ्यावा. शिसवाची धूळ नाकात आणि हातावर घेऊ नये. मी मास्क लावला होता, पण बाह्या वर दुमडल्या होत्या आणि दोन दिवस मनगटांना खाज सुटली. १४ एप्रिल २०२४ रोजी चाकू पूर्ण झाला. जवसाच्या तेलाचे तीन हात दिल्यावर शिसव असे उजळले की बाबांनी तो कपाटात न ठेवता खिशात ठेवला, आणि माझ्या दृष्टीने त्याहून मोठे प्रमाणपत्र नव्हते.

मे महिना उत्तम गेला. जूनच्या शेवटी बाबा एकदा म्हणाले की चाकू मिटताना ‘जरा जड’ लागतो. मी पिनेत तेल सोडले. २५ जुलैला, ज्या दिवशी खडकवासला धरणाचे पाणी सुटून सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरले, त्या दिवशी आमच्या घरी बाबांचा चाकू अर्ध्यावर अडकला. इतरांचे संसार वाहत असताना चाकूसाठी रडणे शोभत नाही हे मला कळत होते, तरी डोळ्यांत पाणी आले.

काकांनी चाकू उजेडात धरला आणि फट दाखवली. पाठीकडे, जिथे कमान आणि पिना आहेत, तिथे अस्तरे होती तशीच होती. पण पाते मिटते त्या उघड्या बाजूला दोन्ही अस्तरे आत झुकली होती आणि पात्याला दोन्हीकडून दाबत होती. एप्रिलमध्ये मूठ २२.०० मिलिमीटर रुंद होती. आता व्हर्निअर २२.२६ दाखवत होता. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण आडवे वाढते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठाण असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. गालाचा आतला पृष्ठभाग पितळेला चिकटलेला, त्यामुळे तो वाढू शकत नाही. बाहेरचा मोकळा, तो वाढतो. मग गाल बाहेरच्या अंगाने फुगतो आणि काठ आत वळवतो, आणि सोबत एक मिलिमीटरचे पितळही वळते. सत्तर वर्षांच्या मुरण्याने लाकडाचे वेडेवाकडे होणे थांबते, हवेतले पाणी पिणे थांबत नाही, हे मला कोणीतरी डिसेंबरमध्ये सांगायला हवे होते. काकांनी ‘बघ बुवा’ म्हणून सांगितलेच होते, असे ते म्हणतात.

नंतर वाचताना लक्षात आले की हा त्रास मला एकटीलाच झालेला नाही. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूची मूठ सबंध लाकडाची असते आणि ती भिजली की पाते त्यात अडकते, हे तो वापरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते. मुठीचे टोक टेबलावर आपटून पाते बाहेर काढण्याची तिथे रीतच आहे. जपानमधल्या मिकी गावच्या हिगोनोकामी चाकूत याउलट लाकूडच नाही, कमानही नाही. एक पत्रा दुमडून मूठ केलेली असते आणि पाते केवळ पिनेच्या घट्टपणावर उभे राहते. लाकूड वापरायचेच तर अस्तर दीड-दोन मिलिमीटरचे घ्यावे आणि ऐन पावसाळ्यात जोडणी करावी, म्हणजे उन्हाळ्यात फट थोडी वाढेल पण पाते अडकणार नाही, असे काकांचे मत आहे. मला त्यात पडायचे नव्हते. मला न हलणारी वस्तू हवी होती.

ऑगस्टमध्ये चाकू उकलला. पिनांची डोकी घासून त्या ठोकून काढल्या. हेअर ड्रायरने अस्तर बराच वेळ तापवल्यावर आरल्डाइट मऊ पडले आणि गाल सुटले. एकाचा कोपरा तुटला. मग गणपती आले आणि ७ ते १७ सप्टेंबर काकांच्या टेबलावर आरासीचे सामान होते.

न हलणारी वस्तू शेवटी बुधवार पेठेत, मोटार रिवाइंडिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. परदेशी चाकूंच्या वर्णनांत ‘मायकार्टा’ हा शब्द सतत येत होता आणि मी तो आयात करण्याच्या दरांनी हबकले होते. ऑनलाइन विक्रेता एका बोटभर जोडीचे जेवढे सांगत होता तेवढ्यात माझा अख्खा चाकू झाला असता. काकांनी विचारले, ‘म्हणजे कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेले? अगं, ते आपलं हायलम.’ मायकार्टा मुळात १९१०च्या सुमारास वेस्टिंगहाऊस कंपनीने विजेच्या कामासाठीच काढले होते, आणि आपल्याकडे तशाच कापडी बेकेलाइट शीटचे गिअर, बुश आणि स्विचबोर्ड पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. पाच मिलिमीटरच्या शीटचा हातभर कटपीस १६० रुपयांना मिळाला. कागदी आणि कापडी असे दोन प्रकार असतात. मुठीसाठी कापडी मागावा. कागदी प्रकाराच्या कडांना टवके उडतात.

त्याच दुकानात हिरवट ग्लास इपॉक्सी शीटही होती. ती पाणी त्याहून कमी पिते आणि अधिक मजबूत असते, पण ती घासताना काचेचे तंतू उडतात, कानस आठवड्यात बोथट होते, आणि पार्किंगमध्ये मुले खेळतात. म्हशीचे शिंग कायदेशीर आहे, सुंदर दिसते, पण तेही ओलाव्याने वळते आणि घासताना जळक्या केसांचा वास येतो; सोसायटीत तक्रार आली असती. उंटाचे हाड त्या मानाने स्थिर, मात्र पिन ठोकताना तडकते. हायलमलाही धूळ आहेच, आणि तापल्यावर तिला औषधी, उग्र वास येतो. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, मास्क लावावा आणि ड्रिल सावकाश चालवावे.

दुसरी जोडणी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाली आणि हात आता बसला होता, म्हणून तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. एकच गोष्ट पहिल्यापेक्षा वेगळी केली, ती पिना ठोकण्याची. पहिल्या वेळी मी हातोडीचे मोजके, जोरदार घाव घातले होते आणि पिनेचे डोके एका बाजूला लवंडले होते. नोव्हेंबरमध्ये कसबा पेठेत तांबट आळीत एका कामासाठी गेले असता तिथल्या एका कारागिरांना भांड्यावर मठारकाम करताना बराच वेळ पाहत उभी राहिले. हातोडी मनगटातून पडते, उचलली जाते ती स्वतःच्याच उसळीने, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या काठावर पडतो. मी पिनेचे विचारले, तेव्हा त्यांनी तार आधी मंद लाल करून मऊ करून घ्यायला सांगितले आणि ‘घाव मोजू नका, ताई, आवाज ऐका’ असे म्हणाले. धातू कडक होऊ लागला की ठोक्याचा आवाज चढतो, आणि तिथेच थांबायचे. अस्तराच्या भोकाचे बाहेरचे तोंड किंचित रुंद करून ठेवले की पसरलेली पिन त्यात भरते आणि घासल्यावर दिसतही नाही. ठोकताना पाते आणि अस्तर यांच्यामध्ये ०.०५ मिलिमीटरची पितळी शिम (पातळ पट्टी) सरकवून ठेवावी आणि शेवटी ओढून काढावी. नेमकी तेवढी मोकळीक शिल्लक राहते. कमानीची जाडीही पात्याच्या बुडापेक्षा दोन-तीन शतांशांनी जास्त ठेवली होती. बाबांच्या बोटांसाठी कमान काकांनी मधोमध आणखी पातळ केली. पाते त्यामुळे थोडे कमी जोराने धरले जाते, हे आम्ही जाणून स्वीकारले.

१९ जानेवारी २०२५ रोजी चाकू बाबांना दिला. त्यांनी तो एका हाताने उघडला, कारण आता उघडता येत होता. मग मुठीकडे बघून म्हणाले, ‘हा तर आपल्या जुन्या घरातला मीटरचा बोर्ड वाटतो.’ रंग खरोखर तसाच तपकिरी आहे. त्या आठवड्यात त्यांनी गच्चीवर चौदा डोळे भरले, त्यांतले अकरा धरले. ओल्या हातात शिसवी मूठ घसरायची. ४०० नंबरपर्यंतच घासलेले हायलम ओले झाल्यावर उलट जास्त घट्ट धरता येते, ही मला अपेक्षित नसलेली जमेची बाजू निघाली.

दोन्ही प्रयत्नांचा एकत्र खर्च ६,४०० रुपयांच्या आसपास झाला. त्यात डिजिटल व्हर्निअर, रीमर आणि मास्क यांचाच निम्म्याहून जास्त वाटा आहे. दुसऱ्या मुठीचे सामान धरले तर ते पाचशे रुपयांतही बसते. पोलाद काकांचे होते आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये, सलग चार दिवसांच्या झडीनंतर, मूठ मोजली. जानेवारीत २२.०४ होती, आता २२.०५, एवढा फरक माझ्या हाताचाही असू शकतो. शिसवी गाल मी टाकलेले नाहीत. ते स्वयंपाकघरातल्या खणात आहेत आणि त्यांची भोके अजून अस्तराच्या जुन्या नमुन्याशी जुळवून पाहण्याची मला सवय लागली आहे: मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही पिना सरळ आत जातात, ऑगस्टमध्ये दुसरी पिन अडते. बाबांना आता शेपटाकडे साल उचलायची पितळी जीभ असलेला आणखी एक चाकू हवा आहे. काकांनी एक्स-रे फिल्म मागितली आहे, आणि घरात कोणाचाही जुना एक्स-रे उरलेला नाही.